उलटा शनिवार

मास्तरांनी ‘ताट’ बंद करत असल्याची सूचना लावली, ती बेकरीवालीने कणकेने भरलेल्या हातांनीच वाचली. मोबाइल साच्यांच्या मांडणीला टेकवून उभा केलेला, आणि त्यात मास्तरांची ती नेहमीची, वर्गात उभं राहून बोलल्यासारखी भाषा: सभासद मोजके उरले, माझे डोळेही आता साथ देत नाहीत, तेव्हा येत्या शनिवारी संध्याकाळी सातला दार लावून घेतो, ज्याचं जे बोलायचं राहिलं असेल त्याने त्याआधी बोलून घ्यावं. शेवटचं वाक्य सगळ्यांसाठीच होतं, पण बेकरीवालीला ते नेमकं लागलं. तिचं एक बोलायचं राहिलं होतं. ज्याच्याशी बोलायचं होतं त्या सख्ख्या भावाशी तिचं बोलणं फक्त ‘ताट’वरच होत असे, आणि तेही खोट्या नावाने.

‘ताट’ म्हणजे काय, हे आजकालच्या पोरांना समजावून सांगावं लागतं. इंटरनेटवरचा तो एक चर्चेचा कट्टा होता, लोक अंगठ्याने नव्हे तर दहा बोटांनी भांडत त्या काळातला. काय खावं आणि काय खाऊ नये, एवढ्या एकाच विषयावर तिथे वर्षानुवर्षं रणं माजली. एकीकडे पाव, साखर, बटाटा सगळं वर्ज्य करून अंडी, लोणी आणि चीजवर जगणारी मंडळी, तो लोणीपक्ष. दुसरीकडे धान्य सोडून माणूस जगेलच कसा, असं मानणारा पावपक्ष. आणि मधे मास्तर. ते खरोखरच रसायनशास्त्राचे निवृत्त मास्तर होते आणि कट्टा त्यांनीच काढला होता. त्यांचा कायदा सोपा होता: पुराव्याशिवाय बोलायचं नाही आणि विनोदाशिवाय भांडायचं नाही. नुसतं चिडून लिहिलेलं काही दिसलं की ते काढून टाकत आणि खाली शेरा मारत, ‘कच्चं राहिलंय, परत भाजून आणा.’

काय एकेक वाद व्हायचे तिथे. लोणीपक्षात नवा आलेला कोणी खुशीत सांगायचा की पहिल्याच आठवड्यात माझं वजन एवढं उतरलं, की लगेच पावपक्ष त्याला जवळ घेऊन समजावायचा: अहो, ती चरबी नव्हे, अंगातलं पाणी गेलंय, ते परत येईल, त्याला तुमच्या घरचा पत्ता ठाऊक आहे. एकदा कोणीतरी एका मोठ्या पाहणीचा हवाला दिला, हजारो लोकांना वर्षभरात काय काय खाल्लं ते विचारून केलेली. त्यावर अंडेकाकांनी तोंड उघडलं. अंडेकाका म्हणजे लोणीपक्षाचे ज्येष्ठ सभासद. सकाळी किती अंडी खाल्ली ते जाहीर केल्याशिवाय त्यांचा दिवस सुरू होत नसे. त्यांनी लिहिलं की काल काय खाल्लं ते मला बायकोला विचारावं लागतं आणि ती मी कबूल केलेल्याच्या दुप्पट सांगते. या शास्त्रज्ञांनी बायकांना विचारलं होतं का? त्या एका प्रश्नावर पुढे पंधरवडाभर चर्चा झाली, आणि गंमत म्हणजे ती खरंच चांगली चर्चा झाली. लोकांनी पाहण्या कशा करतात ते वाचून काढलं, एकमेकांच्या चुका दाखवल्या, चुकलं तर चुकलं म्हणाले.

आता तसं लिहायला कोणाला वेळ नाही आणि वाचायला तर त्याहून नाही. आता पांढरा कोट घातलेला कोणीतरी अर्ध्या मिनिटात सांगून टाकतो की पाव म्हणजे विष, दुसरा त्याच कोटात सांगतो की लोणी म्हणजे विष, आणि दोघांच्याही खाली हजारो लोक अंगठे दाखवतात. बेकरीवालीला ते पाहिलं की जुन्या दिवसांची इतकी आठवण यायची की तिचा जीव कासावीस व्हायचा. भांडण होतं, पण माणसं घरच्यासारखी होती.

आणि शनिवार! दर शनिवारी ‘ताट’वर सगळं उलटं. लोणीपक्षाने पावाची बाजू मांडायची, पावपक्षाने लोण्याची, आणि ती इतकी मनापासून की हा सोंग करतोय असं कोणाला वाटता कामा नये. मास्तरांचं म्हणणं असं की समोरच्याची बाजू त्याच्याहून चांगली मांडता येत नाही तोवर आपली बाजूही आपल्याला कळलेली नसते. ते ठीक होतं. पण लोकांना त्याची अशी सवय जडली की शनिवारी लिहिलेलं काहीही सगळे आपसूक उलटं करून वाचू लागले. एकदा अंडेकाकांनी शनिवारी लिहिलं की आज बायकोने जेवण फार झकास केलं होतं, तर संध्याकाळपर्यंत निम्म्या सभासदांनी त्यांचं सांत्वन केलं. पुढे बायकोने ते वाचलं म्हणतात.

या कट्ट्यावर बेकरीवाली ‘खरपूस’ या नावाने लिहायची आणि तिचा दादा ‘साखरबंद’ या नावाने. लहानपणापासून एकमेकांना अरे-तुरे करणारी, केस ओढून भांडलेली ही दोघं तिथे अहो-जाहो करत. साखरबंद साहेबांनी आज लोणी जरा जास्तच चढवलेलं दिसतंय, असं ती लिहायची. खरपूसबाईंचा मुद्दा त्यांच्या पावाच्याच जातीचा आहे, बाहेरून फुगलेला आणि आत हवा, असं तो लिहायचा. तो कोण हे तिला ठाऊक होतं आणि ती कोण हे त्याला. दोघांनीही ते कधी तोंडातून काढलं नाही, आणि बाकीच्यांना वाटायचं की या दोघांचं काय छान जमतं.

प्रत्यक्षात त्यांचं बोलणं बंद झालं होतं ते अण्णांच्या, म्हणजे त्यांच्या बेकरीवाल्या वडिलांच्या, जेवणाच्या टेबलावर. दादा लिफ्टच्या कंपनीत होता, दुसऱ्या गावात. तिथे एकदा रक्त तपासलं तर साखर निघाली, आणि चांगलीच निघाली. डॉक्टरांनी घाबरवलं, तो घाबरला, आणि घाबरलेल्या माणसाच्या निष्ठेने त्याने सगळं पिठूळ आणि गोड एका दिवसात सोडलं. काही महिन्यांनी घरी आला तो निम्मा होऊन. अण्णांनी नेहमीप्रमाणे ताज्या पावाचं टोक कापून त्याच्यापुढे ठेवलं. त्या टोकासाठी भावंडं लहानपणी मारामारी करायची. दादाने ते बोटाने बाजूला सारलं आणि म्हणाला, ‘अण्णा, तुम्ही जन्मभर लोकांना हळूहळू विष विकलंत.’ बहुधा त्याला ते गमतीत म्हणायचं होतं, पण गंमत काही त्या वाक्यात उतरली नाही. अण्णांनी उरलेलं सूप शांतपणे संपवलं. बोलली ती बहीण. या घरात पुन्हा पाय ठेवू नकोस, असं ती म्हणाली, आणि दादाने ते ऐकलं. घरच्या कोणाचं त्याने ऐकलं असं आयुष्यात तेवढं एकदाच झालं.

यानंतरची गोष्ट दादाला माहीत नव्हती, आणि तीच सांगायची राहिली होती. बेकरीच्या मागच्या खोलीत एक जुना कॉम्प्युटर होता. त्याच्या कळांच्या फटींत मैदा जाऊन बसला होता, त्यामुळे काही अक्षरं दोनदोनदा दाबावी लागत. दुपारची भट्टी निवत असली की ती तिथे बसून ‘ताट’ वाचायची. एके दिवशी अण्णा मागे येऊन मैद्याच्या पोत्यावर टेकले आणि एकटीच काय हसतेस म्हणून विचारलं. तिने साखरबंदचं लिखाण वाचून दाखवलं. त्यात मुद्दा पहिला होता, मुद्दा दुसरा होता आणि दुसऱ्या मुद्द्याचे पोटमुद्दे होते.

‘हा आपला आहे,’ अण्णा म्हणाले. ‘दप्तर का हरवलं ते सांगतानासुद्धा पोटमुद्दे काढायचा.’

ती दचकली, कारण तिने ते आधीच ओळखलं होतं आणि अण्णांपासून लपवलं होतं. आता ते चिडतील, निदान उठून तरी जातील असं तिला वाटलं. अण्णा उठले नाहीत. त्यांनी तिला सांगितलं, त्याला लिही, लोणी खाऊन जीभ एवढी सैल सुटत असेल तर थोडं इकडेही पाठवा, आमच्या मिक्सरचा दांडा फार कुरकुरतो.

त्या दिवसापासून ते रोजचंच झालं. भट्टी बंद केली की अण्णा चष्मा पुसत येत, पोत्यावर बसत आणि विचारत, काय म्हणतोय विरोधी पक्ष? ती वाचायची, ते ऐकायचे. मोठमोठे संदर्भ आले की त्यांना डुलकी लागायची, आणि दादाने काही वात्रट लिहिलं असलं की त्यांचं पोट हलायला लागायचं. मग ते उत्तर सांगत. पुरावे तिचे असत. तिने इरेला पेटून खूप वाचलं होतं, धान्यातले तंतू, इन्सुलिन, कोणत्या प्रयोगात किती माणसं आणि त्यातली किती मधेच पळून गेली, सगळं. पण ‘खरपूस’चे विनोद अण्णांचे होते. ज्या विनोदांसाठी सगळं ‘ताट’ तिला ओळखायचं ते कणकेच्या हातांचा एक म्हातारा तिच्या पाठीमागून सांगायचा. साखरबंदही मग फुलायचा. अण्णांच्या एखाद्या वाक्यावर त्याचं उत्तर पोळल्यासारखं तातडीने यायचं, लांबलचक, खुशीत आलेलं, आणि अण्णा म्हणायचे, बघ, लागलं बेण्याला. बाप आणि मुलगा वर्षभर असे एकमेकांशी बोलत होते, आणि त्यातल्या एकालाच ते ठाऊक होतं. बेकरीवालीने तितक्या सुखाच्या दुपारी पुढे कधी पाहिल्या नाहीत.

त्याला फोन लावू का, असं तिने मधे एकदोनदा विचारलं होतं. अण्णांनी नको म्हटलं. फोनवर तो माफी मागेल, मग मला काहीतरी बोलावं लागेल, आणि दोघंही रडत बसू; त्यापेक्षा हे बरं चाललंय. येईल तेव्हा सांगू त्याला, असं म्हणायचे, त्याचं तोंड बघण्यासारखं होईल. आणि तो येणार याची त्यांना इतकी खात्री होती की तिलाही तीच धरून चालायची सवय लागली.

अण्णा गेले ते अचानक, दोन भट्ट्यांच्या मधल्या वेळात, खुर्चीत बसल्या बसल्या. दादा आला. लोकांच्या मागे, फाटकाबाहेर उभा राहिला, आणि सगळं आटोपल्यावर कोणाशीही न बोलता निघून गेला. बहिणीच्या मनात ते असं काही रुतलं की विचारू नका. बापासाठी याला एक फाटक ओलांडवलं नाही, तर मग याला काही कळायचंच नाही, असं तिने ठरवून टाकलं. फाटकाच्या आत पाय ठेवू नकोस असं त्याला सांगणारी आपणच, हे उमगायला तिला कितीतरी महिने लागले, आणि तोवर सांगायची वेळ निघून गेल्यासारखी झाली. पुढे कट्ट्यावर दोघं परत लिहू लागले, पण ते आता मुद्दे आणि पुरावे. रोज वाटायचं, आज सांगू. पण ‘अहो साखरबंद साहेब’ अशी सुरुवात करून असलं काही सांगणार कसं? अशी वर्षं गेली. वर्षांचं काय, ती जातातच.

आता मात्र शनिवार संध्याकाळ ही शेवटची मुदत होती. कट्टा बंद झाला की दोघांमधला उरलासुरला धागाही तुटणार, हे तिला स्वच्छ दिसत होतं. आठवडाभर ती लिहायला बसली आणि लिहिलेलं पुसत राहिली. कारागिराने दोनदा विचारलं की मालकीणबाई, पावात मीठ टाकलंय ना? एकदा टाकलेलं नव्हतं.

शनिवारी सगळी जुनी मंडळी गोळा झाली. कोणी वर्षानुवर्षं फिरकलेलं नव्हतं, तेही निरोप घ्यायला आले. मास्तरांनी बजावलं की शेवटचा दिवस असला तरी शनिवार तो शनिवार, नियम पाळायचा. मग अंडेकाकांनी साखरेच्या बाजूने असं काही भाषण ठोकलं की वाचणाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटावं. पावपक्षातल्या एकाने लोण्याला निरोप लिहिला. हसता हसता लोक हळवे होत होते आणि ते लपवायला आणखी विनोद करत होते.

दुपारी साखरबंदने लिहिलं, नियमाप्रमाणे पावाच्या बाजूने. पण त्यात मुद्दे नव्हते आणि पोटमुद्देही नव्हते. शाळेला जाण्याआधी आपण भट्टीच्या उबेला उभं राहून बूट घालायचो, असं त्याने लिहिलं होतं. वर्गातली पोरं आपल्या दप्तराचा वास घ्यायची. पाव आतून झालाय का ते बघायला घरातला एक माणूस तो उपडा करून त्याच्या बुडावर टकटक करायचा आणि कान लावायचा. मग आपण भावंडंही गंभीर तोंड करून कान लावायचो आणि काहीही न कळता माना डोलवायचो. शेवटी त्याने लिहिलं होतं, या पदार्थाविरुद्ध माझ्याकडे भरपूर पुरावा आहे, आणि तरी कुठे तो वास आला की मी वाट वाकडी करून त्या दुकानापाशी जाऊन उभा राहतो.

काय सोंग वठवलंय साहेबांनी, असं खाली लोकांनी लिहिलं. बेकरीवालीने ॲप्रनला डोळे पुसले. हे सोंग नाही, तिला वाटलं, दादा खरं बोलतोय. आणि दादा खरं बोलतोय तर आपणही बोलावं, या भरात तिने एका दमात लिहून टाकलं की खरपूस कधी एकटी नव्हती. पहिलं वर्षभर तिच्या पाठीशी पोत्यावर एक म्हातारा बसायचा, साखरबंदचं अक्षर न् अक्षर वाचून घ्यायचा, आणि त्याने साखरबंदला पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. ‘त्यांना तुमचा राग नव्हता,’ तिने लिहिलं. ‘ते रोज तुमच्या लिहिण्याची वाट बघायचे.’ आणि लगेच पाठवून दिलं.

पहिलं उत्तर अंडेकाकांचं आलं. आजचा सर्वोत्तम उलटा, बाईंना अख्खं ताट बक्षीस. ते वाचलं आणि ती गार पडली. शनिवार होता. वर्षानुवर्षं ज्या दिवशीचं बोलणं उलटं करून वाचायची सगळ्यांना सवय लागली होती, नेमका तोच दिवस तिने खरं बोलायला निवडला होता. राग नव्हता, म्हणजे होता. वाट बघायचे, म्हणजे नाव काढत नव्हते. खाली टाळ्यांवर टाळ्या पडत होत्या, आणि त्यांच्यामध्ये साखरबंदचा एकच शब्द आला, ‘समजलं.’ त्याच्या नावापुढचा हिरवा ठिपका विझला.

तिने घाईघाईने लिहिलं की हे उलटं नाही, शपथेवर खरं आहे. लोक आणखीच हसले, कारण शनिवारी शपथ घेणं ही तिथली सगळ्यात जुनी युक्ती होती. मास्तरांनीही ‘उत्तम’ असा शेरा दिला. बरोबर सात वाजता त्यांनी दार लावलं आणि पडद्यावर कोरं पान उरलं. तिने फोन लावला. तो वाजत राहिला, कोणी उचलला नाही.

रविवारी बेकरीला सुट्टी असे. सकाळी आत्याकडून दादाचा पत्ता घेऊन ती बसमध्ये बसली. अर्ध्या वाटेत तिच्या लक्षात आलं की आपण जन्मात पहिल्यांदाच कोणाकडे पाव न घेता निघालोय. रिकाम्या हाताने जायचं तरी कसं, आणि पाव सोडलेल्या माणसाकडे न्यायचं तरी काय? शेवटी बस स्टँडवरून तिने डझनभर अंडी घेतली आणि ती मांडीवर सांभाळत, प्रत्येक खड्ड्याला श्वास रोखत, उरलेला प्रवास केला. त्याने दारातूनच परत पाठवलं तर काय करायचं, याचा विचार ती करत होती आणि तिला काही सुचत नव्हतं.

दार वहिनीने उघडलं. क्षणभर ती बघतच राहिली. मग अंडी काढून घेतली आणि आत वळून म्हणाली, ‘अहो, तुमच्या खरपूसबाई आल्यात.’

म्हणजे या घरातही हे माहीत होतं तर. दादा बाहेर आला. अंगाने अजून सडसडीत, केस मात्र पार पांढरे. कुठे बघायचं ते दोघांनाही कळेना. तो ‘बसा’ म्हणाला, मग स्वतःच ओशाळून म्हणाला, ‘बस.’

‘काल शनिवार होता हे माझ्या डोक्यातूनच गेलं,’ ती म्हणाली. ‘आज रविवार आहे. मी तेच परत सांगायला आलेय.’

आणि पाण्याच्या पेल्याला हात न लावता तिने सगळं सांगितलं. पोतं, चष्मा, विरोधी पक्ष, आणि येईल तेव्हा सांगू म्हणत राहिलेलं. त्याला राग आला असता तर सांगणं सोपं गेलं असतं. तो नुसता जमिनीकडे बघत ऐकत होता. ती थांबली तसं त्याने एकेक विनोद आठवून विचारायला सुरुवात केली, लिफ्टचे नट तपासावेत तसा. मिक्सरच्या दांड्याचा कोणाचा? अण्णांचा. वजन केलंत तेव्हा अक्कल काट्यावर ठेवली होती का, तो? तोही अण्णांचा. मग इन्सुलिन आणि पोस्टमनचा? तो माझा, ती म्हणाली. तो भिकार होता, दादा म्हणाला, आणि दोघंही थोडं हसले. अण्णा गेल्यावर तुझं लिखाण एकदम कोरडं झालं, तो म्हणाला. मला वाटलं, माझ्यावरचा राग म्हणून तू मुद्दाम हसवत नाहीस. तिला हे कधी सुचलंच नव्हतं.

मग त्याने पाण्याचा पेला तिच्याकडे सरकवला. त्याला आणखी काहीतरी सांगायचं होतं आणि ते त्याच्या तोंडातून निघत नव्हतं.

शेवटी त्याने सांगितलं. त्या पहिल्या वर्षात त्याने एकदा कट्ट्यावर आपल्या रक्ततपासणीचा रिपोर्ट टाकला होता. साखर जवळजवळ जाग्यावर आली होती, डॉक्टरांनी एक गोळीही कमी केली होती. एका माणसाचा अनुभव म्हणजे पुरावा नव्हे, हे मास्तरांचं पालुपद ऐकायच्या तयारीने त्याने तो टाकला होता. पण आधी उत्तर आलं ते खरपूसचं. ते त्याला शब्द न् शब्द पाठ होतं.

‘तू लिहिलं होतंस, हा एकाच माणसाचा पुरावा आहे, मास्तर नापास करतील, पण तो एक माणूस बरा झाला ना, मग आम्ही हरलो. मी वाचून इतका...’ तो थांबला. ‘आणि खाली ते डोळा मारणारं पिवळं तोंड. ते बघून मी कितीतरी दिवस कट्ट्यावर आलो नाही. म्हटलं, मरता मरता वाचलो, त्याचीही हिने टिंगलच करावी.’

बेकरीवालीला ती दुपार लख्ख आठवली. उत्तर सांगताना अण्णा त्या दिवशी हसले नव्हते. असं लिहिलं तर आपण वाद हरू, असं तिने म्हटलं, तर ते म्हणाले, हरू दे, लिही. लिहून झाल्यावर त्यांनी विचारलं की आपण खूश आहोत हे त्याला कळेल असं खाली काही टाकता येतं का, नाहीतर त्याला वाटायचं आपण रुसलोय. तिने ती पिवळ्या तोंडांची रांग उघडून दाखवली. अण्णांनी चष्मा कपाळावर चढवला, पुढे वाकून एकेक तोंड नीट पाहिलं आणि एकावर पिठाचं बोट ठेवलं.

‘ते तोंड अण्णांनी निवडलं, दादा,’ ती म्हणाली. ‘मी म्हटलं, हे नको, याचा अर्थ निराळा होतो. ते म्हणाले, नाही, हेच टाक. हा माझ्यासारखा हसतोय.’

जन्मभर भट्टीच्या तोंडाशी उभं राहून अण्णांचा डावा डोळा अधू झाला होता. ते मनापासून हसले की तो आपोआप मिटायचा आणि उजवा तेवढा उघडा राहायचा. हे त्या दोघांशिवाय आता जगात कोणाला ठाऊक असायचं कारण नव्हतं.

‘म्हणजे ते हसत होते,’ दादा म्हणाला.

‘रिपोर्ट वाचून आधी रडले,’ ती म्हणाली, ‘मग हसले.’

दादाने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. वहिनीने आतला गॅस बंद केला आणि बाहेर येऊन ती त्याच्या शेजारी बसली.